राखाडी रंगाची एकोणीस यंत्रं

खालापूरच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये मी आठ महिने रिसेप्शनला होते. जुन्या वस्तूंवर प्रेम करणारी माणसं मी तिथे पहिल्यांदा जवळून पाहिली. मालक मुंबईचे. त्यांनी आसपासच्या गावांतून नांगर, कणग्या, कंदील, मुसळं असं मिळेल ते उचलून आणून भिंतींवर टांगलं होतं. लॉबीत एक जातं होतं, त्याच्यावर वरून पिवळा दिवा सोडलेला. ते जातं जिने आयुष्यभर ओढलं असेल त्या बाईला वॉचमनने गेटातून आत सोडलं नसतं, पण जात्याला चोवीस तास एसी होता.

माझ्या काउंटरवर हिशेबाचं एक जुनं यंत्र ठेवलेलं होतं. लोखंडी, टाइपरायटरपेक्षा लहान, वरच्या बाजूला आकडे लावायच्या खिट्ट्या, खाली आकडे दाखवणाऱ्या बारीक खिडक्या आणि उजव्या हाताला फिरवायचं हँडल. काळा रंग ठिकठिकाणी सुटून आत गंज दिसत होता. हँडल जाम. पुढ्यात इंग्रजीत पाटी होती की इथे एक आठवण विश्रांती घेत आहे, कृपया हात लावू नये. ती पाटी मीच टाइप केली होती. मजकूर मालकांचा.

चेक-इन करता करता लोक त्याच्याकडे बघून सुस्कारे सोडायचे. कोणी त्याच्याशेजारी हनुवटी टेकवून फोटो काढून घ्यायचं. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "त्या काळी माणसं डोकं वापरायची, बघ." डोकं वापरावं लागू नये म्हणूनच तर ते यंत्र केलेलं होतं. पण मी काही बोलले नाही. मला तिथे बोलण्याचा पगार होता आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं. पाहुणे दिसले की मी कीबोर्डकडे बघायचे. मालकांनी दोनदा सांगितलं, "स्माइल, स्माइल." शेवटी मीच सोडलं.

सोडायच्या आधी एकदा बाबा मला घ्यायला आले होते. त्यांनी यंत्र पाहिलं आणि पाटीकडे न बघता त्याच्यावर हात ठेवला.

"अगं, हे तर आमचं."

"बाबा, हात नका लावू."

"जाम हाय," ते म्हणाले. हँडल धरून त्यांनी कान जवळ नेला. "गंज फार नाय. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं तर सुटंल. विचार ना तुझ्या सायबाला."

मी विचारलं नाही. पण जुनी यंत्रं जमवायची लागण बाबांना तिथेच झाली, आणि माझ्यामुळे झाली, हे मला कबूल करावं लागेल.

बाबा भिवपुरीच्या वीजकेंद्रात कारकून होते. तलावाची पातळी, दरवाजे किती उघडले, किती पाणी खाली आलं, किती वीज झाली, असे दिवसभराचे आकडे मांडायचे हे त्यांचं काम. छत्तीस वर्षं नोकरी झाली. त्यांतली पहिली चार वर्षं ते हँडलचं मशीन त्यांच्या टेबलावर होतं, नंतर ते गेलं. निवृत्त होऊन आम्ही क्वार्टर सोडली, दहिवलीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, आणि बाबांना त्या छत्तीसांतली ती चारच वर्षं आठवायला लागली.

आईला मात्र सगळीच आठवत होती.

"अवं, तवा रोज संध्याकाळी खांदा धरून यायचा तुमी," ती म्हणायची. "मी नवी नवरी. तेल लावून लावून माझे हात दुखायचे. आन् सेलवालं कॅलक्युलेटर आलं त्या दिवशी पेढे आणलेले. पाव किलो."

"तुला नाय कळायचं."

"पेढे कळले होते ना मला."

बाबा हसायचे नाहीत. जुन्या आठवणी काढणाऱ्या माणसाला साक्षीदार अजिबात आवडत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

पहिलं यंत्र त्यांना खोपोलीच्या भंगारवाल्याकडे मिळालं. मग ते कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेले. तिथे दोनशेच्या वर माणसं होती, सगळी साठीच्या पुढची, आणि सकाळपासून एकमेकांना यंत्रांचे फोटो पाठवून "काय दिवस होते!" असं लिहायची. कसे दिवस होते ते कोणीच लिहायचं नाही. एकाने लिहिलं होतं की हँडल फिरवताना येणारा आवाज म्हणजे आजच्या पिढीने गमावलेलं संगीत आहे. तो मेसेज बाबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या ग्रुपवर टाकायच्या फोटोंखाली इंग्रजीत दोन ओळी लिहून देणं माझ्याकडे होतं, कारण माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं आणि त्या फीचा घरात दुसरा काही उपयोग अजून झालेला नव्हता.

वर्षभरात यंत्रं एकोणीस झाली. ती सगळी आतल्या खोलीत होती. फ्लॅट घेताना ती खोली माझी असं ठरलं होतं. म्हणजे माझ्यासमोर तसं कोणी म्हटलं नव्हतं, पण बिल्डरच्या माणसाला आईने सांगितलं होतं, "ही पोरीची," आणि मी ते धरून चालले होते. आता तिथे भिंतीला लागून लोखंडी मांडण्या आल्या, मध्ये एक टेबल, टेबलापाशी बाबा. मी हॉलमध्ये दिवाणावर झोपायचे आणि तिथेच बसून काम करायचे.

रिसॉर्ट सोडल्यावर मला बरं काम मिळालं होतं. परदेशातल्या लहान मुलांना कॉम्प्युटरवरून इंग्रजी वाचायला शिकवायचं. सात-आठ वर्षांची मुलं. त्यांच्याशी मी बोलू शकते. ती काही सुचवत नाहीत, स्माइल मागत नाहीत, आणि शब्द अडला की गप्प बसतात, तेव्हा मीही गप्प बसू शकते. क्लास पहाटे साडेपाचला सुरू व्हायचे. बाबांची जन्मभर शिफ्टची सवय, तेही पाचला उठायचे. मी हेडफोन लावले की आतून सुरू व्हायचं, खर्रर्र खट्, खर्रर्र खट्.

आणि घंटी. या यंत्रावर भागाकार करायचा म्हणजे हँडल उलटं फिरवत एकच आकडा पुन्हा पुन्हा वजा करायचा. किती वेळा ते यंत्राला कळत नाही. गरजेपेक्षा एक फेरा जास्त झाला की आत छोटी घंटी वाजते आणि खिडक्यांतून नऊच नऊ दिसायला लागतात. मग एक फेरा सुलटा फिरवून चूक परत घ्यायची आणि पुढच्या घरात जायचं. बाबांच्या ऑफिसात त्याला "घंटी खाणं" म्हणायचे. "घंटी खाल्ल्याशिवाय भागाकार होत नाय," हे ते मला इतक्या वेळा सांगायचे, जणू मी भागाकार करायला निघाले होते.

एक मुलगी वाचता वाचता थांबून म्हणाली, "मिस, तुमच्या दारात कोणीतरी आलंय." दुसऱ्या आठवड्यात एका मुलाच्या आईने तक्रार केली. मग आणखी एक तक्रार आली. कंपनीकडून मेल आली की महिनाअखेरपर्यंत बंद दाराच्या, शांत खोलीचा व्हिडिओ पाठवा, नाहीतर सकाळचे क्लास दुसऱ्या शिक्षिकेकडे जातील. सकाळचे क्लास म्हणजे माझे सगळेच क्लास.

आईला मी एवढंच सांगितलं की काम जाईल बहुतेक.

"मग जा परत त्या रिसॉर्टला," ती भाजी निवडत म्हणाली. "तिथं पंख्याचं बिलपण आपल्याला नाय, लाइटचंपण नाय."

"मला नाही जायचं तिथे."

"का गं?"

मी सांगितलं नाही. बाबांकडे जाऊन खोली मागणं एवढं साधं काम होतं. दोन शब्दांचं वाक्य. पण मला वाटायचं, एकोणीस यंत्रं मांडणाऱ्या माणसाला दिवाणावर बसलेली एक मुलगी दिसू नये? दिसली तर मागावं का लागावं? आणि दिसत नसेल तर मागून काय उपयोग? असा विचार करत करत एखाद्याला तुच्छ लेखणं फार सोपं जातं. बोलावं लागत नाही.

त्याऐवजी मी दुसरंच केलं. रिसॉर्टच्या मालकांचा नंबर माझ्याकडे होता. मी त्यांना इंग्रजीत मेसेज केला की कर्जतजवळ एका निवृत्त गृहस्थांकडे हिशेबाच्या जुन्या यंत्रांचा खाजगी संग्रह आहे, आपल्या लॉबीला शोभेल असा, आणि ते तो एकत्रित देण्याचा विचार करतील. सोबत अकरा फोटो. ते फोटो मी निवडून घेतले होते, यंत्रं घरी आली त्या त्या दिवशी मीच ग्रुपसाठी काढलेले, गंज, पोपडे, धूळ सगळं असलेले. या लोकांना काय आवडतं ते आठ महिने काउंटरमागे उभं राहून मला पाठ झालं होतं. फोटोंखाली मी एक शब्द लिहिला होता, अनटच्ड.

तो शब्द खोटा होता. यंत्रं त्या फोटोंसारखी राहिलेली नव्हती.

त्यासाठी वीजकेंद्रात मुरलेला माणूस कसा असतो ते सांगायला हवं. तिथे यंत्र बंद ठेवलं की त्याला नुसतं बसू देत नाहीत. आधी घासायचं, मग तांबडा प्रायमर, मग रंगाचे दोन हात, मग ग्रीस, आणि शेवटी पांढऱ्या रंगात नंबर. आमच्या क्वार्टरच्या खिडक्यांचे गज, पाण्याची टाकी, माझी लहानपणची तीनचाकी, सगळं त्या एकाच फिक्या राखाडी रंगाचं होतं, जो तिथल्या कंट्रोल पॅनलना असतो. बाबांनी तो रंग इथेही बाजारातून शोधून आणला. एकेक यंत्र खोलून, रॉकेलमध्ये धुऊन, तारेच्या ब्रशने खरवडून त्यांनी एकोणीसच्या एकोणीस राखाडी करून टाकली. वर पांढऱ्या स्टेन्सिलने एक ते एकोणीस नंबर. जाम झालेलं एकही राहिलं नव्हतं. लहान मुलाच्या बोटाने हँडल फिरेल अशी सगळी चालू.

मी म्हटलं, मालकांना फरक कळणार नाही. ज्यांना जातं कुठल्या बाजूने ओढतात ते माहीत नाही त्यांना काय कळणार?

रविवारी सकाळी ते आले. बाबांना मी सांगितलं होतं की रिसॉर्टवाल्यांना तुमचा संग्रह बघायचा आहे. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आईने पोहे केले. मालकांनी दारात बूट काढता काढता मला विचारलं, "काका आहेत का घरी?" आठ महिने मी त्यांना रोज गुड मॉर्निंग म्हटलं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही.

खोलीत पाऊल टाकलं आणि ते थांबले.

"हे... रंगवलंय?"

"दोन हात," बाबा म्हणाले. "आतून रेड ऑक्साइड. आता वीस वर्षं बघायला नको."

"आणि ओरिजिनल पेंट?"

"तो खरवडला. सगळा फुगला होता."

"कंपनीचं नाव असतं ना पुढे, सोनेरी अक्षरांत?"

"ते पण निघालं त्याच्याबरोबर. नंबर टाकलेत ना. हे बघा, सात नंबर."

मालकांनी डोळे मिटले. "काका, पॅटिना गेला हो सगळा."

"कुठं गेला?"

"पॅटिना म्हणजे... काळाचा थर असतो तो. त्याचीच किंमत असते."

"थर होता ना," बाबा म्हणाले. "काढला."

आई दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. तिला हसू येत होतं आणि तिने पदर तोंडाला लावला. मलाही आलं असतं. पण बाबा तोवर सात नंबरसमोर बसले होते आणि भागाकार करून दाखवत होते. घंटी वाजली, एक फेरा परत, पुढचं घर, पुन्हा घंटी. ते इतकं सफाईने चाललं होतं की मीसुद्धा हाताकडे बघत राहिले. मालक बघत नव्हते. ते फोनमध्ये काहीतरी शोधत होते.

"माझं काउंटरवर आहे ना, ते बंदच आहे," ते फोनमधून मान वर न करता म्हणाले. "बंदच हवं असतं काका. चालू झालं की ते नुसतं मशीन होतं."

इतकं मूर्ख वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ग्रुपमधल्या संगीतवाल्याने निदान कधी हँडल तरी फिरवलं असेल. या माणसाला वस्तू मेलेली हवी होती, म्हणजे मग तिच्यावर दिवा सोडता येतो. आणि मी बाबांना त्याच्या पंक्तीत बसवून वर्षभर दोघांनाही एकाच तराजूत तोलत होते.

तेवढ्यात त्यांना फोनमध्ये हवं ते सापडलं. त्यांनी फोन बाबांसमोर धरला. "मला तर हे पाठवलं होतं. अनटच्ड लिहिलं होतं. मी त्यासाठी रविवारची सकाळ घालवून आलो."

बाबांनी चष्मा लावला. एकेक फोटो बोटाने सरकवत ते अकराही फोटो त्यांनी बघितले. फोटो कोणी काढले होते ते त्यांना माहीत होतंच. मग त्यांनी फोन परत दिला आणि मालकांना म्हणाले, "पोहे घ्या."

मालकांनी दोन चमचे खाल्ले आणि गेले. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी रंगवायच्या आधी एक फोन करा."

मी दार लावलं. आईने बशा उचलल्या. मी दिवाणावर बसले होते. बाबा आतल्या खोलीच्या दारात उभे होते.

"अनटच म्हणजे हात न लावलेलं ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी तर एकेकाला पंधरा पंधरा दिवस हात लावला."

त्यांनी आत वळून मांडण्यांकडे बघितलं.

"देऊन टाकायची होती का तुला?"

"मला खोली हवी होती," मी म्हटलं. मग एकदा तोंड उघडल्यावर क्लासचं, घंटीचं, मेलचं, महिनाअखेरचं सगळं सांगितलं. फार वाईट बोलले मी, तुटक, मध्येच इंग्रजीत जात.

बाबा ऐकत राहिले. "किती दिवस राहिले?"

"नऊ."

"आणि मेल कधी आली?"

"या महिन्याच्या दोन तारखेला."

"मग बोलली का नाय?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "तिचं तोंड कोण उघडणार? तुमचं तरी कुठं उघडतं? चार वर्षं खांदा दुखला, ते सायबाला नाय सांगितलं, मला सांगितलं."

"मला वाटलं, हिला हॉलच आवडतो," बाबा म्हणाले. "टीव्ही असतो. हवा येते." ते खरंच तसं समजत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मी वर्षभर ज्याला स्वार्थ समजत होते ते नुसतं अज्ञान होतं. आणि ते घालवायला एक वाक्य लागणार होतं, जे माझ्याकडे होतं.

दुपारी जेवून आम्ही कामाला लागलो. बाबांनी एक नंबरचं यंत्र एका बाजूने उचलून माझ्याकडे बघितलं, आणि मी दुसरी बाजू धरली. ती यंत्रं किती जड आहेत ते मला तोवर माहीत नव्हतं. चार बाथरूमवरच्या माळ्यावर गेली, सहा कपाटाच्या तळाला, आठ दिवाणाखाली. स्वयंपाकघरात एकही येणार नाही, असं आईने आधीच सांगून टाकलं होतं. "माझ्या डाळीच्या डब्यांना नंबर टाकाल," ती म्हणाली. सात नंबर तेवढं बाबांनी गॅलरीत, तुळशीशेजारी स्टुलावर ठेवलं. मांडण्या सोडवायला सोमवार लागला. भिंतीत भोकं राहिली, ती व्हिडिओत दिसू नयेत म्हणून मी पडदा लावला. बुधवारी व्हिडिओ पाठवला, शुक्रवारी कंपनीचं उत्तर आलं. क्लास राहिले.

बाबा ग्रुपमधून बाहेर पडले. का ते मी विचारलं नाही. त्यांनी मला न सांगता तिथे राखाडी यंत्रांचे फोटो टाकले असतील आणि संगीतवाल्यांनी त्यांना काळाच्या थराबद्दल प्रवचन दिलं असेल, असा माझा अंदाज आहे. त्या लोकांबद्दल माझं मत बदललेलं नाही. उलट आता ते जास्त वाईट झालं आहे, कारण आता त्यांच्यात आणि बाबांच्यात काय फरक आहे ते मला नीट सांगता येतं. ज्यांना यंत्र चालवायचं नसतं त्यांना त्याचा गंज हवा असतो.

हे सगळं मी अर्थात बाबांना सांगितलेलं नाही.

खोली आता माझी आहे. दाराला आतून कडी आहे, ती मी लावत नाही. आईला काही हवं असलं की ती सरळ आत येते, क्लास चालू असला तरी, आणि खुणेने विचारते की चहा ठेवू का. बाबा तसे येत नाहीत. सकाळचे क्लास संपले की पेपर द्यायला किंवा चार्जर न्यायला येतात, तेव्हा दोन बोटांनी दार वाजवतात आणि मी हो म्हणेपर्यंत बाहेर थांबतात. कधी हेडफोनमुळे मला ऐकू येत नाही. मग मी उठून दार उघडते तेव्हा ते हातात पेपर धरून उभे असतात, किती वेळ कोण जाणे. स्वतःच्याच घरात त्यांनी असं उभं राहिलेलं मला बघवत नाही. ते थांबवायला काय म्हणायचं, ते अजून मला सुचलेलं नाही.